गुरुबसप्पाची खालची टाकी

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात गुरुबसप्पा कलशेट्टीच्या घरातलं मीठ संपलं की ते सगळ्या बोळाला कळायचं. डाळ करपली तरी कळायचं. गुरुबसप्पाच्या बनियनला भोक पडलं तरी कळायचं. गुरुबसप्पाला ऐकू येत नव्हतं आणि त्याची बायको ईरम्मा ऐकवल्याशिवाय सोडत नव्हती, मग दुसरं काय होणार! एकदा तिनं चुलीपुढं बसल्या बसल्या "री, मीठ संपलंय!" अशी नवऱ्याला कानडी हाक दिली. गुरुबसप्पा आपला खुंटीवरची टोपी काढतोय तोवर कोपऱ्यावरच्या सिद्धाप्पा वाण्यानं मिठाची पुडी घरपोच केलीसुद्धा. "हे कुणी आणलं?" असं गुरुबसप्पानं विचारलं तेव्हा ईरम्मा ओरडली, "बोळानं!"

आता ऐकू न येणं हे काही जन्माचं नव्हतं. ते मिलनं दिलं होतं. बोनस मागून मागून मिळायचा, हे न मागता मिळालं. गुरुबसप्पा मिलमध्ये फिटर होता. हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तटातट तुटतं, म्हणून मागखात्यातली हवा ओली ठेवावी लागते. त्यासाठी खाली मोठा हौद असायचा. हौदातलं पाणी पंपानं वर जायचं, फवाऱ्यातून पडायचं, जाळीतून गाळून पुन्हा हौदात यायचं. हे पाणी फिरतं ठेवणं हेच गुरुबसप्पाचं काम, आणि ते तो शेकडो मागांच्या खटाखटीत उभं राहून करायचा. त्या खटाखटीत कानाचे पडदे टिकले असते तर ते पडदे नव्हेत, पत्रेच म्हणायला हवेत.

मागखात्यात बोलायचं ते ओठांनी. आवाज काढायचाच नाही. समोरच्याकडं तोंड करायचं आणि ओठ सावकाश हलवायचे. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला आपल्या डब्यात कसली भाजी आहे ते सांगायचा, आणि मधे उभ्या असलेल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, दोघं मिळून शिव्या द्यायचे. जॉबर पाठमोरा असला की झालं. या विद्येत गुरुबसप्पाचा हात धरणारा कुणी नव्हता. मिशांच्या आडचे ओठसुद्धा तो वाचायचा.

पण घरी ही विद्या काय कामाची? ईरम्मा अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी कानडी काय आणि मराठी काय, दोन्ही शेताच्या बांधावरून बोलायच्या भाषा. लग्न झाल्यावर नव्यानव्यात गुरुबसप्पानं तिला समजावलं होतं, "ईरम्मा, ओरडू नको. माझ्याकडं बघून नुसतं तोंड हलव. मला कळतंय."

"मी काय मिलची बाई न्हाय," ईरम्मा म्हणाली होती, "माशागत तोंड हलवत बसायला."

तेव्हापासून ती चुलीकडं तोंड करून ओरडायची आणि तो तिच्या पाठीकडं बघत अंदाज बांधायचा. भाकरी म्हणाली तर पाणी द्यायचा, पाणी म्हणाली तर भाचीच्या लग्नाला कधी निघायचं ते विचारायचा. मूलबाळ नव्हतं. घरात माणसं दोन, आणि आवाज मात्र जत्रेचा.

अशात मिलच्या विव्हिंग मास्तरांनी, म्हणजे मागखात्याच्या साहेबांनी, नोकरी सोडली आणि ते मुंबईला निघाले. सामान बांधताना त्यांची माशाची टाकी काही ट्रकात बसेना. लोखंडी चौकटीची, चारी बाजूंनी काच लावलेली, बऱ्यापैकी मोठी टाकी. आत एकच गोल्डफिश, पण केवढा! तळव्याएवढा, पोट सुटलेला, डोळे बाहेर आलेले, आणि सगळ्या जगानं आपल्याला न विचारता काहीतरी केलंय असा चेहरा. पंखा काढायला गेलेल्या गुरुबसप्पाला मास्तर म्हणाले, "नेतोस का रे?" त्या एका वाक्यावर गुरुबसप्पानं हातगाडी बोलावली. माशाचा चेहरा थेट मास्तरांसारखा होता, म्हणून रस्त्यातच त्याचं नाव ठरलं, साहेब.

घरी काय झालं ते सांगायला नकोच, बोळाला सगळं ऐकू आलं. लिंगायताचं घर! कांदासुद्धा सोमवारी वर्ज्य, आणि तिथं हातगाडीवरून मासा आला.

"सात पिढ्यांत मासा उंबरा ओलांडून आला न्हाय!" ईरम्मा ओरडली.

"खायला न्हाय, बघायला आणलाय," गुरुबसप्पा म्हणाला.

शेजारची शांतम्मा लगेच डोकावली. तिला भिंतीपलीकडून ऐकलेलं डोळ्यांनी पडताळून बघायची सवय होती. "अगं बाई, तुमच्यात मासं आणत्यात व्हय आता?" असं तिनं इतक्या गोड आवाजात विचारलं की ईरम्माचा संताप नवऱ्यावरून निघून थेट तिच्यावर गेला. "आणत्यात!" ती म्हणाली. "तुला काय करायचंय?" अशा रीतीनं, केवळ शांतम्माच्या नाकावर टिच्चून, साहेब माजघरातल्या टेबलावर बसला.

आणि मग गुरुबसप्पाला मोठा शोध लागला. साहेब बोलत होता!

हसू नका. मासा तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, हे तुम्हीआम्ही बघतो आणि सोडून देतो. पण ज्यानं सगळा जन्म ओठ वाचण्यात काढला त्यानं काय करावं? पाळी संपवून गुरुबसप्पा टाकीपुढं बसला की साहेब काचेपाशी यायचा, तोंड समोर करायचा आणि सावकाश, ठासून बोलायचा. बहुतेक वेळा "भूक" म्हणायचा. कधी "आलास?" म्हणायचा. एकदा तर "जॉबर हलकट आहे" असं अगदी स्पष्ट म्हणाला, असं गुरुबसप्पानं श्रीमंतला शपथेवर सांगितलं.

श्रीमंत हा त्याचा मिलमधला जोडीदार, माढ्याकडचा. तो पोट धरून हसला. "आरं, मिलमदला मास्तर तुज्यासंगं कदी बोलला न्हाय, आन् ह्यो बोलतोय व्हय?"

"बोलतोय की," गुरुबसप्पा म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि श्रीमंत, माझ्याकडं तोंड करून बोलतोय बे."

श्रीमंत यावर हसला नाही. त्याला गुरुबसप्पाचं घर माहीत होतं.

असं सगळं मजेत चाललं असतं, पण पाणी वास मारायला लागलं. आधी हिरवट झालं, मग दुधट झालं, मग माजघरात शिरलं की नाकाला कळायला लागलं. पाणी बदलावं म्हणाल तर सोलापुरात पाणी होतं कुठं? बहात्तरचा दुष्काळ होऊन फार दिवस झाले नव्हते. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. ज्या बोळानं चूळ भरलेलं पाणी जास्वंदीला घालून ती जगवली, त्या बोळात माशाची टाकी रिकामी करून पुन्हा भरायची म्हणजे लोकांनी जोडे मारले असते.

त्यात श्रावण तोंडावर आला, आणि त्या वर्षी पादपूजेचा मान कलशेट्टींच्या घराला मिळाला. गावाकडच्या मठातले अय्या, म्हणजे घराण्याचे जंगमगुरू, दुसऱ्या सोमवारी घरी येणार. त्यांचे पाय धुवायचे, पूजा करायची, तीर्थ घ्यायचं. ईरम्मानं ह्या दिवसाची वाट किती वर्षं पाहिली होती! तिनं चुलीकडची पाठ वळवली नाही, पण आवाज एवढा चढवला की यावेळी गुरुबसप्पालासुद्धा ऐकू गेलं.

"अय्यांच्या नाकाला वास आला, तर त्याच दिवशी तुमचा साहेब सिद्धेश्वराच्या तळ्यात!"

तळ्यात हाताएवढे मासे होते. साहेबासारखा पोट सुटलेला, हातानं भरवलेला जीव त्यांच्यापुढं काय टिकणार? आणि कोण बोलणार मग रोज संध्याकाळी?

म्हणजे पाणी न बदलता पाणी स्वच्छ करायचं. गुरुबसप्पानं चौकशी सुरू केली. ईरम्माचा भाऊ शंकरप्पा कुर्डुवाडीला रेल्वेत होता. तो पुण्याला जाऊन तिथल्या दुकानातून एक डबी घेऊन आला. प्लास्टिकची, टाकीच्या कोपऱ्यात बसवायची. आत कापूस आणि कोळसा, आणि बाहेरून एक छोटं यंत्र तिच्यात हवा सोडणार. डबी लावली, बुडबुडे सुटले. शंकरप्पा खूश, शांतम्मा खूश. बोळातली पोरं खिडकीला लटकली. गुरुबसप्पानं मात्र दुसऱ्या दिवशी डबी काढून ठेवली.

"का हो भावजी?" शंकरप्पानं कागदावर लिहून विचारलं.

"बुडबुड्यात त्याचे ओठ दिसंनात," गुरुबसप्पा म्हणाला.

मग कुणीतरी सांगितलं, वाळूखाली जाळी बसवा, घाण वाळूत खाली बसते आणि वरचं पाणी साफ राहतं. यावर गुरुबसप्पा चिडला. "घर झाडायचं आणि केर चटईखाली सारायचा, त्यातली गत! केर घरातच की बे!" दोन रात्री त्याला धड झोप आली नाही. आणि तिसऱ्या सकाळी, मिलमध्ये हौदाच्या काठावर उभा असताना, त्यानं आपल्याच कपाळावर हात मारला. सगळी हयात ज्याच्यात गेली ते समोरच तर होतं! खाली हौद, वर फवारा, पाणी वर जातं, खाली येतं, गाळलं जातं, पुन्हा वर जातं. साहेबाच्या टाकीखाली दुसरी टाकी ठेवायची. वरचं पाणी सांडून खाली येईल, खाली गाळलं जाईल, आणि पंप ते पुन्हा वर पोचवेल. साहेबाला डबी नको, कारखाना पाहिजे.

कामाला सुरुवात झाली. वरच्या टाकीची मागची काच चार बोटं कापून घेतली, म्हणजे जादा पाणी तिथून सांडेल. खाली पत्र्याची टाकी करून घेतली, तिला तीन कप्पे. पहिल्यात फडकं, दुसऱ्यात कोळसा आणि विटांचे तुकडे, तिसऱ्यात साफ पाणी, आणि ते ओढून घेणारा पंप बाहेर शेजारी. फडकं कसलं लावायचं यावर दोघा मित्रांचं वाजलं. गुरुबसप्पाला अभिमान, तो म्हणाला सोलापुरी चादरीचं लावू, जगात तोड नाही. लावलं. पाणी वर डबकं करून बसलं, खाली थेंब उतरेना.

"आरं येड्या," श्रीमंत म्हणाला, "जी चादर माघाची थंडी आत येऊं देत न्हाय, ती पानी जाऊं देईल व्हय?" शेवटी गुरुबसप्पाचं जुनं धोतर फाडलं. ते इतकं विरलेलं होतं की पाणी त्यातून धावत गेलं.

पंप जुन्या बाजारात मिळाला. तो कुणी कशासाठी केला होता देव जाणे, पण त्यानं एकरभर कांदा सहज भिजवला असता. त्याच्या नळीला चिमटा लावून पाणी कमी केलं आणि ते अडवायला एक कॉक बसवला. मिलमध्ये रीत होती, पंप थांबवताना आधी कॉक बंद करायचा, मग पंपाचं बटन. गुरुबसप्पाच्या हाताला ती रीत इतकी मुरली होती की घरीही तो आधी कॉक बंद करायचा, मग बटन, आणि पाळीला जायचा. आपण नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही, हीपण मिलचीच शिस्त.

एकाच गोष्टीवर श्रीमंतचं आणि त्याचं जमलं नाही. वर जाणाऱ्या नळीचं तोंड गुरुबसप्पानं साहेबाच्या टाकीत थेट तळापर्यंत सोडलं होतं.

"नळी वर लाव," श्रीमंत म्हणाला. "पान्याच्या वर. पानी वरनं पडलं म्हंजी त्याला हवा लागती."

"वरनं पडलं तर आवाज होईल की," गुरुबसप्पा म्हणाला. "साहेब दचकंल."

श्रीमंतनं कपाळाला हात लावला आणि बटन दाबलं.

घररर... काय सांगू तुम्हाला! फळीवरची भांडी नाचायला लागली. खुंटीवरची टोपी खाली पडली. ईरम्मा कानांवर हात ठेवून परसात पळाली. शांतम्माचा म्हातारा सासरा ज्वारीचं गाठोडं घेऊन दारात आला आणि म्हणाला, "पिठाची गिरण टाकली व्हय? बरं झालं, लांब जावं लागायचं." आणि या सगळ्याच्या मधोमध गुरुबसप्पा पंपावर तळहात ठेवून, डोळे मिटून, देवळात उभा असल्यासारखा उभा. "हाताला नुसती गुदगुली," तो म्हणाला. "किती शांत चालतोय!"

त्याच्या चेहऱ्याकडं बघून कुणाला खरं सांगवेना. आणि गंमत म्हणजे, पाणी साफ झालं! पहिल्या दिवशी दूध होतं ते ताक झालं, मग ताकाचं पाणी झालं, आणि शनिवारी साहेब हवेत तरंगतोय की काय असं वाटावं इतकी टाकी निवळली. ईरम्मानं वरची टाकी हुंगली, खालची टाकी हुंगली, धोतराचं फडकं हुंगलं. वास नव्हता. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही, ही गुरुबसप्पाला पद्मश्रीच वाटली. साहेब काचेशी येऊन काहीतरी लांबलचक बोलला. "काय म्हणतोय?" ईरम्मानं न राहवून विचारलं, आणि विचारताना चुकून त्याच्याकडं तोंड करून विचारलं.

"म्हणतोय, ईरम्माच्या भाकरीचा वास लई छान येतोय."

"चला!" ईरम्मा म्हणाली आणि पाठ फिरवली. पण नंतर टाकीवरून जाताना ती उगाच एकदा थांबली, हे गुरुबसप्पानं पाहिलं.

सोमवार उजाडला. गुरुबसप्पानं रजा घेतली होती, श्रीमंतनंही. सोप्यात सतरंजी अंथरली, अय्यांसाठी चौरंग मांडला. पूजेचं पाणी ईरम्मानं पहाटे ओलेत्यानं देवळाच्या विहिरीवरून आणलं होतं आणि पितळी हंड्यात भरून, वर बेलाचं पान ठेवून, माजघरात ठेवलं होतं. तिनं एकच विनंती केली, पूजेपुरता पंप बंद ठेवा. ती विनंती कशासाठी तेच गुरुबसप्पाला कळलं नाही. "एवढा शांत पंप," तो म्हणाला, "अय्यांना काय त्रास होतोय त्याचा? आणि आजच वास सुटला तर?"

अय्या आले. म्हातारे, गोड माणूस, पायांत खडावा. चौरंगावर बसले, मंत्र म्हणायला लागले, आणि दुसऱ्याच शब्दाला त्यांना ओरडावं लागलं. मग शांतम्मा ओरडून म्हणायला लागली. शंकरप्पाही ओरडायला लागला. सोपा भरून माणसं होती, सगळी शिरा ताणून देवाचं नाव घेत होती, आणि माजघरात पंप त्यांच्या वरताण. गुरुबसप्पा पाटावर बसला, हात जोडले, डोळे मिटले. त्याला सगळं कसं निवांत वाटत होतं.

आता पुढं काय झालं ते त्याला मागाहून कळलं, तुम्हाला आधीच सांगतो. त्या काळात विजेचा तुटवडा होता आणि बोळातली वीज रविवार सोडून रोज अकराच्या सुमाराला जायची. हे बोळातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. गुरुबसप्पाला नव्हतं, कारण रोज त्या वेळी तो मिलमध्ये असायचा, आणि मिलला स्वतःचं पॉवरहाउस होतं. तिथं वीज जात नसे. तिथला पंप माणसानं बंद केल्याशिवाय बंद पडतो, हे त्यानं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. वीज जाईल तेव्हा कॉक कोण बंद करणार, हा प्रश्नच त्याच्या डोक्यात कधी आला नाही.

अकरा वाजले. वीज गेली. पंप थांबला.

सोप्यात अशी शांतता पसरली की शांतम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. "अय्यांची कृपा!" ती पुटपुटली. अय्यांनी आवाज उतरवला आणि सुखानं मंत्र म्हणायला लागले. सगळ्यांनी हुश्श केलं. पंप थांबलाय हे घरात ज्याला कळायला हवं होतं, त्या एकट्यालाच ते कळलं नाही. आणि तिकडं माजघरात साहेबाच्या टाकीतलं पाणी, ज्या नळीतून वर आलं होतं त्याच नळीतून, मुकाट उलटं खाली निघालं. नळी तळापर्यंत होती, त्यामुळं वरचं सगळं पाणी खाली जाणार, आणि खालची टाकी तर आधीच काठोकाठ.

गुरुबसप्पाला मांडीखाली गार लागलं. आधी त्याला वाटलं, हीच ती शांती, जी मोठमोठ्या लोकांना पूजेत लाभते म्हणतात. अंगावर काटा आला. मग शांती धोतरातून वर चढायला लागली तेव्हा त्यानं डोळे उघडले.

सतरंजी तरंगत होती. बेलाची पानं, विभूतीचा गोळा, कुणाची तरी चप्पल, सगळं मिळून अय्यांच्या चौरंगाकडं निघालं होतं. आणि समोर सगळ्यांची तोंडं उघडी! एकदम एवढे ओठ हलताना त्यानं मागखात्यातसुद्धा पाहिले नव्हते. शांतम्मा म्हणत होती "पाणी", शंकरप्पा म्हणत होता "पंप". सोप्यात जागा नव्हती म्हणून बाहेर उभा राहिलेला श्रीमंत खिडकीतून म्हणत होता ते इथं लिहिता येणार नाही. गुरुबसप्पा धडपडत उठला आणि माजघराच्या दाराशी जाऊन थबकला.

टाकी रिकामी होती. तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. आणि टाकीपुढं ईरम्मा उभी होती. जिनं जन्मात मासा शिवला नव्हता, जिला मासळीबाजाराच्या रस्त्यानं जाताना पदर नाकाला लागायचा, तिच्या ओंजळीत साहेब होता. साहेब तोंड उघडत होता, मिटत होता. ईरम्मा त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खालच्या टाकीच्या कप्प्यांत साहेब मावणार नव्हता, आणि दुसरं पाणी घरात एकाच भांड्यात होतं. तिनं कोपरानं बेलाचं पान बाजूला सारलं आणि साहेबाला पूजेच्या हंड्यात सोडलं.

मागून आलेल्या शांतम्मानं किंकाळी फोडली. "ईरम्मा! अय्यांचं पाणी! मासा घातलास!"

"मग काय करू?" ईरम्मा ओरडली. "पाणी पाणी म्हणत होता की! दिसतंय की तोंडावर! एवढं तर मलापण कळतंय!"

सगळे अय्यांकडं वळले. अय्या चौरंगावर धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून बसले होते आणि घोट्यापर्यंत आलेल्या पाण्याकडं बघत होते. "आणखी किती यायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"संपलं, अय्या," श्रीमंत खिडकीतून म्हणाला.

"मग झाली पूजा," अय्या म्हणाले. "लोक पाय धुवायला पाणी घेऊन येतात. तुमच्याकडं पाणी चालत आलं. मासा होता म्हणून काय झालं, नदीत मासं न्हाईत व्हय?" आणि कुणी तीर्थासाठी हात पुढं करायच्या आत घाईनं म्हणाले, "तीर्थ तेवढं पुढच्या सोमवारी घ्या."

मग मात्र सोप्यात एकच गिल्ला उठला. शांतम्मा म्हणाली, आता तरी ते ध्यान तळ्यात सोडा. शंकरप्पा म्हणाला, पुण्याची डबीच बरी होती. कुणी म्हणालं, टाकी भंगारात द्या. ह्यातलं गुरुबसप्पाला काहीएक कळत नव्हतं, कारण सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच त्याच्याकडं तोंड केलेलं नव्हतं. तो ओल्या धोतरानं पंपापाशी उभा राहिला. त्यानं पंपावर हात ठेवला. पंप गार होता, गुदगुली नव्हती. त्याला रडू यायला लागलं. वास आला नव्हता, पण पूजा बुडवली होती, अन् बायकोचा इतक्या वर्षांचा दिवस बुडवला होता. आता ईरम्मा म्हणेल तेच होणार आणि ती काय म्हणणार ते ठरलेलं होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

ईरम्मा हंड्यापाशी बसली होती. हंड्यात साहेब गोल गोल फिरत होता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग पदरानं हात पुसले, पूर्ण वळून त्याच्याकडं तोंड केलं, आणि आवाज न काढता ओठ हलवले. सावकाश, ठासून, जसं साहेब करायचा तसं.

नळी वर लावा.

गुरुबसप्पाला आधी वाटलं, आपण चुकीचं वाचलं. तिनं पुन्हा ओठ हलवले. श्रीमंतभाऊजी म्हणत होते तेच खरं. नळी वर लावा.

"म्हणजे साहेब राहणार?" गुरुबसप्पा सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला.

"काय म्हणाली? काय म्हणाली ती?" शांतम्मानं कासावीस होऊन विचारलं. कुणालाच सांगता येईना. ऐकूच आलं नव्हतं कुणाला. ईरम्मानं पुन्हा नुसते ओठ हलवले, काहीतरी लांबलचक, आणि गुरुबसप्पा डोळे पुसत हसायला लागला. काय म्हणाली ते त्यानं पुढं श्रीमंतलासुद्धा कधी सांगितलं नाही.

नळी वर लागली. वीज जाते तेव्हा आता चार थेंब खाली येतात आणि थांबतात. पंपाखाली चादरीची घडी घातल्यावर त्याचा आवाजही अर्धा झाला, चादर शेवटी कामाला आली. पण बोळात एक नवीनच तक्रार सुरू झाली. ती शांतम्मानं पाणी भरताना सगळ्यांसमोर बोलून दाखवली. "त्या घरात काय चाललंय कळतच न्हाय हो हल्ली. भांडत्यात का बोलत्यात, जेवत्यात का उपाशी हायत, काय बी ऐकू येत न्हाय. संध्याकाळी तिघं एकमेकांकडं तोंडं करून बसत्यात नुसती."

सिद्धाप्पा वाण्याचीही तीच अडचण झाली. कलशेट्टींच्या घरातलं मीठ संपलं की आता गुरुबसप्पाला स्वतः दुकानात जाऊन आणावं लागतं.